विहिरीचंही पासबुक ठेवू या



गटाची बचत किती, कर्ज किती, कुणाचा हप्ता थकलाय, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण गावच्या विहिरीत आज किती फूट पाणी आहे, असं विचारलं की उत्तर येतं, "आहे की बऱ्यापैकी." मग मार्चमध्ये विहीर तळाला जाते आणि गटाकडे बोअरसाठी कर्जाचा अर्ज येतो. बोअर कोरडा गेला तरी हप्ता काही सुटत नाही. म्हणून आधी पाणी मोजायला शिकू या.

पाऊस मोजा. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. तोंड आणि बूड सारखंच हवं. झाड, भिंत, पत्रा यांपासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरायची, किती मिलिमीटर पाणी ते लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. हवामान खात्याचीही हीच वेळ.

१ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण १ एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ५०० मिलिमीटर झाला तर एकरी २० लाख लिटर!

मग एवढं पाणी जातं कुठं? बरंचसं वाहून जातं, बरंचसं वाफ होऊन उडतं, काही पिकं पितात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात साठतं. म्हणून मुरतं ते थोडंच. नवा बोअर नवं पाणी तयार करत नाही. पुष्कळदा तो शेजारणीच्या विहिरीचंच पाणी ओढतो.

विहीर मोजा. दोरीला वजन बांधा आणि दर फुटाला गाठ मारा. कठड्यावर एक खूण करा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, त्याच खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजा. २० फूट व्यासाच्या विहिरीत १ फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर.

मग पीक ठरवा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात, उरलेल्यावर पीक ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे. पाणी कमी असलेल्या वर्षी गव्हाऐवजी हरभरा, ज्वारी घेतली तर विहीर उन्हाळ्यापर्यंत साथ देते. विहीर आटली की हंडा घेऊन लांब कोण जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

खर्च किती? एक डबा, एक दोरी, एक वही. ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाच्या हिशोबासोबत पाण्याचा आकडाही वाचा. बोअरच्या कर्जाचा अर्ज आला की आधी ही वही उघडा. पाणी दर वर्षी खालीच जात असेल, तर तेच पैसे ठिबकला किंवा विहीर पुनर्भरणाला देता येतील का, यावर बोला.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या विहिरीचा पहिला आकडा लिहून आणा.