नरक्या, नंदुरबार आणि नॅनो

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत (नवी मुंबईची वाशी वेगळी) कुणाच्या घरी कॅन्सर निघाला, की नातेवाईक दोन वाटा दाखवतात. एक बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची, दुसरी कुणीतरी सांगितलेल्या झाडपाल्याच्या काढ्याची. गंमत अशी, की पहिल्या वाटेवर सलाइनमधून चढणारी काही औषधंही मुळात झाडातलीच असतात.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास, लाकूड दिसायला साधं. तरी राधानगरी-शाहूवाडीच्या जंगलांतून त्याची चोरून तोड होते, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य असतं. हे द्रव्य आधी एका चिनी झाडात सापडलं. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल यांच्या चमूने ते जगापुढे मांडलं. चमूतले मनसुख वाणी हे १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले. पुढे १९७१ मध्ये याच दोघांच्या चमूने टॅक्सॉल या झाडातल्याच दुसऱ्या कॅन्सरविरोधी द्रव्याची रचना उलगडली. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी शोधलं.

पेशी दुप्पट होताना तिच्या डीएनएला दोरीसारखा पीळ बसतो. तो सोडवायला एक एन्झाइम धागा कापतं आणि लगेच जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर मध्ये अडकून बसतं; जोड होत नाही, पेशी मरते. पण ते पाण्यात विरघळत नाही. १९७०च्या दशकात त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशय आणि अस्थिमज्जेवर इतका वाईट परिणाम झाला, की प्रयोग थांबवावे लागले. रेणूत फेरफार करून बनवलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, म्हणजे शोधानंतर ३० वर्षांनी. काढ्याच्या बाटलीवर दावे छापणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वाचावा.

नॅनोचं काम इथून सुरू होतं. टॅक्सॉलही पाण्यात विरघळत नाही; ते ज्या एरंडेलजन्य द्रावकात देत, त्याचीच काहींना जबर ॲलर्जी येई. म्हणून ते रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले. ते औषध २००५ मध्ये आलं. चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं आयरिनोटेकॅन २०१५ मध्ये, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी.

दुसरी दिशा पुण्याची. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुलिंबाच्या पाल्याच्या अर्कात चांदी-सोन्याचे नॅनोकण तयार करून दाखवले. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अर्क टाकला, की रंग तपकिरी होत जातो. प्रयोग इतका सुटसुटीत, की आता गावोगावच्या कॉलेजांत तुळस, सदाफुली, जे मिळेल त्यावर तो चालतो. कण विषाणूंना रोखतात, कॅन्सरपेशी मारतात, असे निष्कर्षही निघतात. पण ते बशीतले. बशीत फिनाइलनेही पेशी मरतात. निरोगी पेशींचं काय, मूत्रपिंडाचं काय, कण शरीरात किती दिवस राहतात, या प्रश्नांपाशी बहुतेक निबंध संपतात.

वाशीच्या जिल्ह्यात मात्र एक प्रश्न खऱ्या माणसांत, नेटाने तपासला गेला: तपासणीने कॅन्सरचे मृत्यू कमी होतात का? गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. त्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचं हॉस्पिटल होतं. २००९ मध्ये निकाल आला: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी दिली, तिथे या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वादही पेटला, आणि तो गैरवाजवी नव्हता.

या कॅन्सरच्या बळावलेल्या अवस्थेत टोपोटेकॅनही वापरतात. आणि या कॅन्सरच्या विषाणूला अडवणारी लस? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणलेल्या सर्व्हाव्हॅकमध्ये विषाणूच्या प्रथिनाचे पोकळ गोळे असतात, नॅनोमीटरांत मोजले जाणारे, आत जनुक नसलेले. ९ ते १४ वयाच्या मुलींना दोन डोस.