वजनाचा काटा थांबला, म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरात वजनकाट्याला एकाएकी मोठे महत्त्व येते. सकाळी उठल्यावर आधी काट्यावर उभे राहायचे, आकडा वहीत टिपायचा आणि मगच चहाकडे वळायचे, असा नेम होऊन जातो. पहिल्या काही आठवड्यांत तो आकडा झपाट्याने खाली येतो. जुने कपडे सैल होतात, जिना चढताना धाप लागत नाही, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. आणि मग एके दिवशी काटा थांबतो. आठवडा जातो, दोन जातात, कधी महिनाही उलटतो, पण आकडा जागचा हलत नाही. खाणे तेवढेच, चालणे तेवढेच. मग घरात हलक्या आवाजात प्रश्न निघतो : एवढा खर्च केला, एवढे सोसले, ते सारे वाया गेले काय?

वैद्यकशास्त्र या अवस्थेला पठार म्हणते. घाट उतरताना मध्येच सपाटी लागावी, तशी ही अवस्था असते. शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ती एकदा तरी येते. तिचा अर्थ नीट समजला तर ती निभावून नेता येते. चुकीचा लावला, तर माणूस एक तर उपाशी राहून शरीराचे नुकसान करून घेतो किंवा निराश होऊन डॉक्टरांकडे जाणेच सोडून देतो. खरा धोका काटा थांबण्यात नसून या दोन प्रतिक्रियांत आहे.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेह आणि लठ्ठपणा बहुधा हातात हात घालून येतात. त्यामुळे आहार, व्यायाम आणि औषधे यांनी गुण न आलेल्या रुग्णांना डॉक्टर शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवतात.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दोन्हींत अन्न कमी मावते, पण एवढ्यावरच परिणाम संपत नाही. भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग निघून जातो. आतड्यातून मेंदूला जाणारे तृप्तीचे संदेशही दोन्ही शस्त्रक्रियांनंतर बळावतात. म्हणून रुग्णाला पहिल्या काळात कमी खाऊनही भूक जाणवत नाही.

मात्र शरीर ही काही मुकाट्याने रिकामी होणारी कोठी नव्हे. साठा घटतो आहे हे ओळखून ते आपला खर्च आवरते. पठाराचे मूळ या गुणधर्मात आहे. ते कोणत्या टप्प्यावर आले आहे, यावरून त्याचा अर्थ बदलतो.

पहिले पठार : तिसऱ्या आठवड्याच्या आसपास

सर्वांत जास्त घाबरवणारे आणि सर्वांत निरुपद्रवी पठार हेच. शस्त्रक्रियेनंतर खाणे जवळजवळ थांबते, तेव्हा शरीर प्रथम यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरते. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपतो तसे ते पाणीही बाहेर पडते. पहिल्या पंधरवड्यातील मोठ्या घसरणीचा बराच भाग या पाण्याचा असतो. पुढे रुग्ण पातळ आहारावरून मऊ आहाराकडे वळतो, साठा थोडा भरू लागतो आणि पाणी परत येते. आत चरबी कमी होत असते, पण परतलेले पाणी ती घट काट्यावर दिसू देत नाही. हे पठार बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप सुटते. त्यावर उपाय एकच : डॉक्टरांनी आखून दिलेला आहार चालू ठेवणे आणि काट्यावर रोज न चढणे.

दुसरे पठार : सहा महिन्यांनंतर

येथे हिशेब वेगळा होतो. १२० किलो वजनाच्या माणसाला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्धा तास चालण्यासाठी जी ऊर्जा लागते, तीच त्याला ९० किलोवर लागत नाही. ३० किलोचे ओझे उतरलेले असते. बसल्या जागी लागणारी ऊर्जाही लहान शरीराला कमी पुरते. त्यातच शरीर अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच काटकसर करते. परिणामी, ज्या आहाराने सुरुवातीला दर आठवड्याला वजन उतरत होते, तोच आहार आता केवळ वजन स्थिर राखतो. रुग्णाचे काही चुकलेले नसते. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी झालेली असते, इतकेच.

ही काटकसर शस्त्रक्रियेचे युग सुरू होण्यापूर्वीच नोंदली गेली आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४ ते १९४५ या काळात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरातील बदल मोजले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. ते सडपातळ तरुण होते, त्यामुळे त्यांचे आकडे लठ्ठ रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण उपासमार झाली की शरीर आपली चूल मंद करते, हे तत्त्व दोघांनाही सारखेच लागू आहे.

तिसरे पठार : दीड-दोन वर्षांनंतर

हे पठार म्हणजे बहुतेकांसाठी मुक्कामाचे ठिकाण. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. हा सर्वांत खालचा टप्पा होता. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे थोडे वजन परत आले, पण बरेचसे गेले ते गेलेच. त्याच अभ्यासात, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत या रुग्णांचा मृत्युदरही कमी आढळला.

महाराष्ट्राचे नेते आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतली, हे सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील जाहीर कार्यक्रमात त्यांनी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते आणि आता ९३ किलो आहे, असे सांगितले. रोजच्या व्यायामाचा आणि प्राणायामाचा उल्लेखही ते भाषणांतून वारंवार करतात. या उदाहरणातला आकडा प्रत्येकाने आपल्यासाठी लक्ष्य मानू नये. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की शस्त्रक्रियेला दशक उलटल्यावर वजन राखणे हे रोजच्या सवयींचे काम असते.

उपाशी राहणे हा उपाय नव्हे

काटा थांबला की पहिला विचार येतो तो जेवण आणखी कमी करण्याचा. सामान्य माणसासाठीही तो फारसा उपयोगी नाही, शस्त्रक्रिया झालेल्यासाठी तर तो घातक ठरू शकतो. त्याचा आहार आधीच थोडा असतो. त्यातून प्रथिने वगळली गेली, तर शरीर चरबीऐवजी स्नायू मोडते. स्नायू घटले की ऊर्जेचा खर्च आणखी कमी होतो आणि पठार अधिक घट्ट बसते. केस गळणे, थकवा, रक्तक्षय ही पुढची लक्षणे. सतत उलट्या आणि उपासमार झाल्यास ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जासंस्थेला इजा होण्याचा धोका असतो. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या काटा थांबला म्हणून बंद करायच्या नसतात. त्या बहुधा आयुष्यभरासाठी असतात.

काय तपासून पाहावे?

दोन आठवडे खाल्लेली प्रत्येक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून काढावी. पठाराची कारणे बहुधा त्या वहीतच सापडतात.

पहिली गोष्ट प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्याचा सल्ला दिला जातो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. गोमंतकीय घराला त्यासाठी महागड्या डब्यांवर अवलंबून राहण्याची गरज नाही. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे १९ ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारींसाठी मूग, कुळीथ, अळसांदे, दही आणि पनीर आहेत. ताटात आधी मासळी किंवा कडधान्य, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर शीत, हा क्रम ठेवावा. आपल्या सवयीत शीत-कढी आधी येते आणि लहान झालेले जठर त्यानेच भरून जाते.

दुसरी गोष्ट सहज घसरणाऱ्या खाण्याची. चहाबरोबरची बिस्किटे, फरसाण, आईस्क्रीम, गोड सरबते हे पदार्थ लहान जठरातूनही अडथळ्याविना पुढे सरकतात. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि उष्मांक मात्र जमा होतात. चवथीच्या दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एकेक नेवरी, जत्रेहून आणलेले खाजे, नाताळातला दोदोल, असे दिवसभर थोडेथोडे तोंडात टाकत राहणे हे पठाराचे नेहमीचे कारण. सण साजरा करावा, पण जेवणाच्या वेळी, मोजून आणि ताटात घेऊन.

तिसरी गोष्ट मद्याची. एका ग्रॅम मद्यार्कात सात उष्मांक असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य रक्तात फार लवकर भिनते. पूर्वी सोसणारा फेणीचा पेला आता सोसेलच असे नाही. काहींना या शस्त्रक्रियेनंतर मद्याचे व्यसन जडते, हेही अभ्यासांत दिसून आले आहे.

चौथी गोष्ट झोपेची. कमी आणि अवेळी झोपेने भूक वाढते आणि गोडाची ओढ लागते. वडोदऱ्याजवळील नंदेसरीची रासायनिक वसाहत असो की आपले वेर्णे आणि कुंडई, पाळ्यांत काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक. रात्रपाळी टाळणे हातात नसते. पण रात्रपाळीत उपाहारगृहातील बटाटवड्याऐवजी घरून उकडलेले अंडे किंवा उसळ नेणे आणि दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोप घेणे हातात असते.

पाचवी गोष्ट व्यायामाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. पठारावर असलेले बहुतेक जण चालतात, पण दुसरा भाग टाळतात. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात करता येते. त्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी मात्र घ्यावी.

मोजमापही बदलावे. आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, साधारण सारख्या कपड्यांत वजन घ्यावे. दिवसागणिक एक-दोन किलोचा फरक पाण्याने आणि मिठानेही पडतो. जोडीला कमरेचा घेर मोजावा. काटा थांबलेला असताना घेर कमी होत असेल, तर चरबी जात आहे. रक्तातील साखर, रक्तदाब आणि झोपेतील घोरणे यांतील सुधारणाही लिहून ठेवावी. शस्त्रक्रिया मुळात त्यासाठीच केलेली असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

नेमून दिलेली प्रत्येक तपासणी चुकवू नये, हे झालेच. त्याशिवाय काटा दोन-तीन महिने अडकला, वजन सलग वाढू लागले, सतत उलट्या, छातीत जळजळ किंवा पोटदुखी होऊ लागली, तर थांबू नये. थायरॉईडचा विकार, इन्सुलिन, स्टिरॉईड किंवा मानसिक आजारांवरील काही औषधे यांमुळेही वजन अडते. अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टर पर्याय सुचवू शकतात. क्वचित जठराची पिशवी किंवा जोड सैल झालेला असतो. त्यासाठी दुर्बीण तपासणी लागते. २०२५ साली टिर्झेपटाईड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाईड ही इंजेक्शने भारतात आली. शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्या निवडक रुग्णांना ती उपयोगी पडतात. मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती घेण्याची वस्तू नव्हे. खंत, चिडचिड, मन रमवण्यासाठी खाणे हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घरच्यांचीही यात भूमिका आहे. ‘अजून किती उतरले?’ हा प्रश्न रोज विचारला की काटा परीक्षकाच्या जागी बसतो. त्याऐवजी संध्याकाळी बरोबर चालायला जावे आणि घरातले फरसाणाचे डबे कमी करावेत. शस्त्रक्रियेने शरीराला नवी सुरुवात करून दिलेली असते, पुढची वाट रुग्णाने आणि त्याच्या घराने मिळून चालायची असते. त्या वाटेवर सपाटी लागली तर थांबून वही उघडावी, ताट तपासावे, डॉक्टरांना भेटावे आणि पुन्हा चालू लागावे.