गादी गुंडाळण्याचा उपचार

वसई-विरारच्या वन रूम किचनमध्ये रात्री गाद्या अंथरल्या जातात आणि सकाळी गुंडाळून कोपऱ्यात जातात. घरात कॅन्सर आला की एक गादी मात्र अंथरलेलीच राहते. दिवाणावर, पंख्याखाली, टीव्हीसमोर. भेटायला येणारे तिच्याच कडेला टेकतात, जेवणाचं ताट तिथेच येतं, रिपोर्टांची फाइल उशीखाली असते. ‘उठू नकोस, पडून राहा’ हे दिवसातून दहादा कानावर पडतं. आणि रात्री घर घोरायला लागलं की त्याच गादीवर ती बाई टक्क जागी.

तिची झोप उडायला कारणं आहेत. केमोसोबत देतात ते डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मेंदूला जागं ठेवतं. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. दुखणं आहे, पुढच्या स्कॅनची धास्ती आहे. पण आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवली: निद्रानाश सुरू करणारी कारणं वेगळी, टिकवणारी वेगळी. केमो संपते, स्टिरॉइड थांबतं, तरी झोप परतत नाही. तोवर नऊलाच आडवं होणं, दुपारी दोन-तीन तास लवंडणं, रात्रभर घड्याळ बघणं अंगवळणी पडलेलं असतं. आठवड्यातल्या निदान तीन रात्री, तीन महिने असं चाललं की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. म्हणजे घरच्यांच्या मायेनेच तो पोसला जातो. हे लिहायला जड जातं, पण तसं आहे खरं.

यावर गोळीआधी करायचा उपचार आहे. त्याला सीबीटी-आय म्हणतात: झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची भीती या दोन्हींवर सहा-आठ आठवडे करायचं काम. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार असावा, असं सांगितलं. त्यातला मुख्य भाग निव्वळ हिशेबाचा. समजा, नालासोपाऱ्यातली एक बाई रात्री नऊ ते सकाळी सहा गादीवर असते आणि झोपते साडेपाच तास. नऊ तासांतले साडेपाच, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. मग तिला सांगायचं, बाई, आठवडाभर बारा वाजेपर्यंत गादीला पाठ टेकायची नाही आणि साडेपाचला उठायचंच. पहिले काही दिवस जीव नकोसा होतो. पण झोप साचते, दाट होते. हा आकडा ८५ टक्क्यांवर गेला की पंधरा मिनिटं वाढवायची. केमोच्या थकव्यात दुपारची छोटी डुलकी चालते, तीनच्या आत. मात्र हा हिशेब स्वतःच्या मनाने करायचा नाही. फिट येणारे, बायपोलर आजार असणारे, हाडांत कॅन्सर पसरल्याने पडण्याचा धोका असणारे, यांच्यासाठी डॉक्टर आधी हवाच. चालू असलेली झोपेची गोळीही एकदम तोडायची नाही.

दुसरा नियम १९७२ मध्ये रिचर्ड बुटझिन यांनी मांडला: झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. दुसरी खोली! पाच माणसं जमिनीवर झोपलेल्या घरात उठणाऱ्याला पाय टाकायला जागा नसते. पण ‘दुसरी खोली’ याचा अर्थ ‘गादी नाही अशी जागा’ एवढाच. खिडकीतली प्लास्टिकची खुर्ची चालते, ओट्याजवळचा पाट चालतो. आणि दिवसा गादी गुंडाळण्याची जी रीत आपण दुखणाईतासाठी मोडली, ती हा नियम आपल्याला परत पाळायला सांगतो.

मग अडतं कुठे? हा उपचार शिकलेली माणसं मोठ्या शहरांतही मोजकीच. वसई-विरारच्या कित्येक रुग्णांचा कॅन्सरचा रस्ता परळच्या टाटा रुग्णालयाकडे जातो. विरारहून दादर सुमारे ५० किलोमीटर, पुढे पुन्हा बस नाहीतर टॅक्सी. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना सकाळच्या विरार लोकलमध्ये शिरायचं, सोबत येणाऱ्याचा खाडा होणार. एवढं करून केमोला जातात. झोपेसाठी दर आठवड्याला वेगळी खेप कोण घालील? बहुतेक जण डॉक्टरांना सांगतही नाहीत. जिवावरचं दुखणं असताना झोपेचं काय घेऊन बसायचं, असं त्यांना वाटतं.

कॅनडात लांब अंतराचा प्रश्न आहेच. तिथे शीला गार्लंड यांच्या गटाने अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांतल्या, कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या १३२ जणांना सात आठवडे पडद्यावरूनच हा उपचार दिला. झोप सुधारलीच, शिवाय विसरभोळेपणाची आणि लक्ष न लागण्याची तक्रारही कमी झाली. क्यूबेकच्या जोझे सावार यांनी त्याआधी स्तनाच्या कॅन्सरच्या २४२ स्त्रियांवर नुसता व्हिडिओ आणि समोरासमोरचा उपचार यांची तुलना केली होती. समोरासमोरचा सरस ठरला, पण काहीच न देण्यापेक्षा व्हिडिओ पुष्कळ बरा निघाला. त्यातून पायऱ्यांची कल्पना आली: आधी सगळ्यांना व्हिडिओ किंवा पुस्तिका, आणि ज्यांना तेवढ्याने भागत नाही त्यांच्यापुरता तज्ज्ञ.

आपल्याकडे हे बसवायला यंत्र लागत नाही. डे-केअरमध्ये सलाईन चढत असते तेव्हा रुग्ण दोन-तीन तास खुर्चीतच असतो. नर्सने किंवा समाजसेविकेने तेव्हाच झोपेची चौकशी करावी, नोंद ठेवायला शिकवावं, पुढचं फोनवर. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलतो. तो मनाच्या सर्व तक्रारींसाठी आहे, हा उपचार देणारा नव्हे. पण मनाचं दुखणं फोनवर सांगायची सवय त्याने लावली. व्हिडिओ मात्र मराठीत हवा, आणि त्यात पडदे लावलेली बेडरूम नको, जमिनीवरची गादी दिसू दे.

नोंदीसाठी वेगळी वहीसुद्धा नको. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहिलेले असतातच. त्यांच्या शेजारी तीन आकडे: गादीवर किती वाजता, उठले किती वाजता, मधे झोप किती.