तापीखोऱ्यातली पहिली माणसं

रावेरच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या गाळाच्या पट्ट्यात केळी. बऱ्हाणपूरच्या पुढे अशीरगडापाशी सातपुडा वाट देतो. मोगलांच्या फौजा इथूनच दक्षिणेत उतरल्या, रेल्वेही इथूनच गेली. खानदेशाला दोन प्रदेशांमधला रस्ता समजायची सवय आपल्याला लागली आहे. पुरावे मात्र सांगतात, की इथे माणूस नुसता येत-जात नव्हता, मुक्काम करून राहत होता.

सर्वांत जुना बोलका पुरावा चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावचा. १९७२-७३ मध्ये शां. आ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. दगडी पात्यांच्या सोबतीनं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी निघाले. एका तुकड्यावर कोरीव पट्टे आहेत आणि पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. कवच ठिसूळ, हत्यार गारगोटीचं. तरी रेघ ओढणारा हात सरावलेला आहे. पोट भरायला या रेघांचा काही उपयोग नव्हता. म्हणूनच मला हा तुकडा कुठल्याही कुऱ्हाडीपेक्षा मोलाचा वाटतो. आणि शहामृग? भारतात सापडलेल्या अशा कवचांतल्या डीएनएचा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात या पक्ष्याचं नातं आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळलं. शहामृग हा उघड्या, गवताळ रानातला पक्षी. तेव्हाचा मुलूख कसा असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पुढची मोठी उडी शेतीकडे. तापीकाठच्या सावळदा गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीलाच नाव मिळालं. त्या संस्कृतीची खापरं थेट प्रवरेकाठच्या दायमाबादेतही सापडली. गिरणेकाठी बहाळला म. न. देशपांडे यांनी वस्ती उकरली, तर समोरच्या काठावर टेकवाड्याला त्या काळची दफनं निघाली. म्हणजे जित्यांचं गाव एका तीरावर आणि मेलेल्यांची जागा दुसऱ्या तीरावर.

तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे तर तीन दिशांच्या कुंभारांचं संमेलनच. ब. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये तिथे खणलं, तेव्हा माळव्याची रंगीत खापरं, दख्खनची जोर्वे पद्धतीची भांडी आणि सौराष्ट्राशी नातं सांगणारी चकचकीत तांबडी भांडी एकाच पांढरीत मिळाली. माळव्याची माणसं सेंधव्याच्या घाटानं आली की बऱ्हाणपूरच्या खिंडीतून, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही वाटा वाहत्या होत्या, कारण नर्मदेकाठच्या नावडातोलीला ह. धी. सांकलियांना सापडलेली माळवा संस्कृती आणि तापीकाठची वस्ती यांच्यामध्ये फक्त सातपुडा आहे.

रावेर-यावलच्या गाळाच्या जाड थरांखाली जुने थर खोल दबलेले असतात. म्हणून अशा वस्त्यांच्या खुणा शोधायच्या तर सातपुड्याच्या पायथ्याला, सुकी आणि भोकर नद्यांच्या कोरलेल्या काठांवर. विहीर खोदताना जळकं खापर किंवा धारदार गारगोटी वर आली, तर ती मातीत परत टाकू नये. किती फुटांवर निघाली ते लिहून ठेवावं आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. खोलीची ती नोंद नसेल, तर खापराचा काळ ठरवायचा एक मोठा आधार निसटतो.