पाइपाचे तोंड कायमचे बंद करताना

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडील कितीतरी नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लागवड करताना पाण्याची आखणी बदलली, की जुन्या पाइपाची एखादी फांदी निकामी होते. तिचे तोंड जाळावर तापवून दुमडणे व तार आवळणे हा उपाय टिकाऊ नाही. पाइप दुमडीवर पातळ होऊन तडकतो, धूरही अपायकारक असतो. मग मातीखाली गळती चालू राहते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचा उपसा वाढला, तर गोड्या पाण्यात खारे शिरते. म्हणून ही गळती परवडणारी नाही.

बागायतदार बंधूंनी पुढीलप्रमाणे करावे. पंप बंद करून पाइप रिकामा करावा. पी.व्ही.सी. पाइप करवतीने सरळ कापून कडा पॉलिश कागदाने घासावी व कोरड्या फडक्याने पुसावी. त्याच मापाची एंड कॅप आधी बसवून पाहावी. मग पाइपाला बाहेरून व कॅपला आतून सोल्युशन लावून, पाव फेरा देत कॅप पूर्ण बसवावी व अर्धा मिनिट दाबून धरावी. पाणी चोवीस तासांनीच सोडावे. सोल्युशन पेट घेते. जवळ विडी नको. मोठ्या पाइपाच्या कॅपमागे काँक्रीटचा टेकू द्यावा.

काळ्या एच.डी.पी.ई. पाइपाला सोल्युशन धरत नाही. त्याला आट्यांची कॅप घ्यावी. ठिबकच्या नळीचे टोक मात्र कायमचे बंद करू नये. गाळ काढायला ते उघडावेच लागते.