खंगलेल्या देहाला पुन्हा अन्न

दुष्काळात खंगलेल्या बैलापुढे एकदम ज्वारीची रास ठेवली, तर त्याचे पोट फुगते. तो दगावूही शकतो. हे आपणां शेतकऱ्यांस ठाऊक आहे. माणसाचेही तसेच.

१९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेत आलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अन्नावाचून खंगलेल्या बालकांचा पुष्कळ अभ्यास केला. ॲनोरेक्सिया हा आजार मात्र घरात धान्य असूनही होतो. वजन वाढेल या भीतीने मुलगी, क्वचित मुलगाही, जेवण सोडतो.

ती पुन्हा जेवू लागली की पहिला पंधरवडा जपावे. एकाएकी भरपूर खाल्ल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घटून हृदयास धोका होतो. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

पुढे पाय सुजतात, पोट गच्च वाटते, रात्री घाम येतो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. पुन्हा जेवू लागल्यावर त्यांच्या अंगावर चरबी आधी आली, मांस मागून. मुलगी घाबरून ताट सारते ती याच वेळी. तिला “जाड झालीस” असे थट्टेनेही म्हणू नये. धीर धरला तर हातपाय ऊबदार होतात, नाडी सुधारते, पाळी परत येते. हाडांना मात्र अधिक काळ लागतो.

आजाऱ्यावर उपवासकाळातही उपवासाचे बंधन नाही. याईराच्या मुलीला उठविल्यावर प्रभूने तिला खावयास द्यायला सांगितले. आपणही प्रेमाने, थोडे थोडे, वाढीत राहू या.