स्पर्धेपूर्वीचे मन आणि प्रार्थना

शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की मैदानाच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. कोणी मातीला स्पर्श करून हात कपाळी लावतो, कोणी गळ्यातील ताईत चाचपतो, कोणी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणतो. धर्म वेगवेगळे असले तरी तळहाताचा घाम, कोरडा पडलेला घसा आणि छातीतील धडधड सर्वांची सारखीच असते.

ही धडधड म्हणजे दुर्बलता नव्हे. शरीर श्रमासाठी सज्ज होत असल्याची ती खूण आहे. ती अजिबात नसेल तर खेळात जोम येत नाही आणि अती झाली तर हातपाय गारठतात. म्हणून भीती नाहीशी करणे हे उद्दिष्ट नसून ती मर्यादेत ठेवणे हे आहे. प्रार्थना हे कार्य करू शकते. मात्र ती कोणती प्रार्थना आहे, यावर सारे अवलंबून असते.

‘मला जिंकू दे, मी अमुक अर्पण करीन’ ही प्रार्थना नव्हे, तो सौदा होय. सौदा फिसकटला की मनात कटुता उरते, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. हरलेल्या मुलाला मग दुहेरी दुःख होते : पदक गेले आणि देवही रुसला. वास्तविक शेजारच्या रेषेवरील मुलानेही तेच मागितलेले असते!

श्रद्धेचे दुसरे रूप १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. एडिंबरो विद्यापीठात शिकणारा एरिक लिडेल शंभर मीटर शर्यतीसाठी प्रसिद्ध होता; परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. रविवार हा उपासनेचा दिवस मानणाऱ्या या ख्रिस्ती तरुणाने टीका सोसूनही त्या शर्यतीतून माघार घेतली आणि काही महिने चारशे मीटरचा सराव केला. धावण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन करण्याचा त्याचा परिपाठ होता. ११ जुलै रोजी ४७.६ सेकंदांत त्याने सुवर्णपदक मिळविले. येथे पदकापेक्षा मोलाचे असे की, पदकाची खात्री नसतानाच त्याने आपला नियम पाळला होता. धर्म त्याच्यासाठी यशाचे साधन नव्हता, आचरणाची मर्यादा होता.

जैन विचाराला हे अपरिचित नाही. वीतराग तीर्थंकर कोणाला जय देत नाहीत, कोणाला पराजय देत नाहीत. णमोकार मंत्रात पंच परमेष्ठींना वंदन आहे. विजयाची याचना नाही. ‘जिन’ शब्दाचा अर्थच विजेता, पण तो विजय प्रतिस्पर्ध्यावर नसून राग-द्वेषांवर मिळविलेला. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात जो समभाव साधावयाचा, त्याचीच कसोटी मैदानावरील त्या एका क्षणी लागते.

म्हणून स्पर्धेला निघालेल्या मुलाला ‘जिंकूनच ये’ असे बजावू नये. मंत्र म्हणताना श्वास संथ ठेव, प्रतिस्पर्ध्याविषयी मैत्रीभाव ठेव आणि सराव केला आहेस तसा खेळ, एवढे सांगावे. संध्याकाळी तो हरून परतला, तर त्याच मंत्राचा आधार त्याला पुन्हा घेता यावा. यशाची हमी म्हणून दिलेला मंत्र अपयशाच्या दिवशी मुलापासून दुरावतो; समभावासाठी शिकवलेला मंत्र त्या दिवशीच खरा उपयोगी पडतो.